पत्तल उचलणार कोण

आमच्या घरात ‘पत्तल’, म्हणजे पत्रावळ, हा शब्द कोणी वापरत नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. माझी शाळा इंग्रजी, रस्ता हिंदी आणि घर मराठी. अशा तीन भाषांत वाढलेल्या मुलीला एखादा शब्द कुठे गायब आहे ते चटकन दिसत नाही. कुठल्या लग्नाहून आलो की आई म्हणायची, “प्लेटा चांगल्या होत्या,” नाहीतर, “प्लेटा कमी पडल्या.” चांदीसारख्या चकचकीत कागदाची असो, थर्माकोलची असो की पानांची, आईच्या तोंडी ती प्लेटच. मला वाटायचं, माझ्या शाळेमुळे तिला इंग्रजी शब्द बोलायला आवडत असतील.

मी नागपूरला पदवी घेतली आणि तिथेच एका ऑफिसात काही महिने काढले. दिवसभर अनोळखी माणसांना फोन करायचे, हे काम. मी फार बोलत नाही. हे मी कोणाला सांगत नाही, लोकांना ते दिसतंच. पलीकडे रिंग वाजत असताना मी मनातल्या मनात म्हणायचे, उचलू नका. बहुतेक लोक उचलायचे. शेवटी मी घरी, बालाघाटला परत आले आणि आईला सांगितलं की आता इथेच काहीतरी करेन, स्वतःचं. ऑफिसातल्या बाईंनी लग्नसराई संपेपर्यंत माझी जागा ठेवते म्हणून सांगितलं होतं. ते मी घरी सांगितलं नाही.

काय करायचं ते ठरायला वेळ लागला. पर्यावरणाला धरून करता येतील अशा छोट्या धंद्यांच्या याद्या फोनवर खूप सापडतात. मी रोज त्यातला एक निवडायचे आणि जेवताना हळूच आईपुढे ठेवायचे. कापडी पिशव्यांवर ती म्हणाली, “जुन्या लुगड्याच्या पिशव्या तुही आजी शिवे, त्या घेऊन शाळेत जायाले तुले लाज वाटे.” बांबूच्या टूथब्रशवर तर ती हसतच सुटली. “आमी दातून सोडून ब्रश घेतला, आता ब्रश सोडून पुन्हा दातून? कोनाच्या मांगं चालली व तू?” बाबा तिरोडीच्या खाणीत कामाला आहेत, शनिवारी घरी येतात. ते म्हणाले, “हिले जे कराचं ते करू दे.” त्यांचं बहुतेक गोष्टींवर हेच म्हणणं असतं.

आमच्या वॉर्डाच्या मागून नाला जातो. लग्नाच्या दिवसांत तो चांदीच्या प्लेटांनी भरतो. त्या कागदावर प्लास्टिकचा पापुद्रा असतो, म्हणून त्या कुजत नाहीत. गाई त्या चाटतात आणि कधी कधी खातातही. आणि आमच्याच जिल्ह्यात, बैहरकडच्या जंगलात, माहुलच्या वेलीला हाताएवढी पानं येतात. तिकडच्या बाया ती पानं बांबूच्या काडीनं टाचून बाजारात आणतात. ती विकत घ्यायची, दोन थर एकावर एक ठेवायचे आणि गरम साच्यात दाबायचे. कडा उभ्या राहतात, वरण सांडत नाही आणि प्लास्टिकचा पापुद्रा लागत नाही. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. नुसतं “हूं” म्हणाली.

बाबांची जुनी मोटारसायकल ठेवायच्या खोलीत मशीन बसवलं. पान दाबलं जाताना चहा उतू गेल्यावर येतो तसा किंचित करपलेला वास येतो, आणि मागून ओल्या सालीचा. मला तो वास आवडायला लागला. मशीनला काही सांगावं लागत नाही. ठरावीक वेळ धरलं की ते सोडतं, आणि हातात एक गोल, कोमट, हिरवट तपकिरी वस्तू येते. दुपारी आई चहा घेऊन यायची, पण आत यायची नाही. कप उंबऱ्याच्या आत सरकवून निघून जायची. मला वाटलं, आत फार गरम होतं म्हणून असेल.

एका रविवारी मी घरच्यांना त्यावर वाढलं. बाबांनी वरण ओतून घेतलं, प्लेट उचलून खालून पाहिली आणि म्हणाले, “थेंब नाही गळला. पास.” आई वाढत राहिली. आमचं झाल्यावर स्वयंपाकघरात तिच्या स्टीलच्या ताटात जेवली. “मले सवय नाही,” म्हणाली. मी ते पाहिलं, पण त्याचं काही केलं नाही.

मग ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझ्या मोठ्या बाबांची, बाबांच्या मोठ्या भावाची मुलगी. मोठे बाबा आमच्याच जिल्ह्यातल्या खैरलांजीजवळच्या आमच्या मूळ गावी राहतात. ताई वारासिवनीला एका खाजगी शाळेत शिकवते आणि तिचं लग्न गोंदियाकडे ठरलं होतं. माझ्या प्लेटांचा फोटो तिनं कुठेतरी पाहिला होता.

“पूरी शादी में तुझ्याच प्लेटा पाहिजेत मले. इको-फ्रेंडली वेडिंग. माझ्या सासरचे पाहतच राहतील.”

“सगळ्या?”

“सगळ्या. प्लास्टिक दिसलं तर मी स्टेजवरून उतरीन.”

ही माझी पहिली मोठी ऑर्डर होती आणि लोकांना दिसणारी होती. आमच्याच समाजात त्या उन्हाळ्यात आणखी लग्नं होती. ताईकडे नीट झालं तर ती मिळणार होती. नाही झालं तर नागपूर होतं, आणि तो फोन.

नमुने दाखवायला मी आणि आई गावी गेलो. वारासिवनीला बस बदलून पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. विहारात साफसफाई चालली होती, सगळ्या बाया तिथेच होत्या, ताईसुद्धा. विहाराच्या मागच्या खोलीत लोखंडी मांडणीवर स्टीलची ताटं उभी लावलेली असतात. प्रत्येक ताटाच्या काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव टाकलेलं. ज्या घरानं ते दिलं, त्या घराचं. लहानपणी आम्ही आपल्या घराचं ताट शोधायचा खेळ खेळत असू.

बायांमध्ये एक फार म्हातारी होती. सगळे तिला मायच म्हणतात. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आईला विचारलं, “कोनाची व ही?”

“लहान्याची पोरगी,” आई म्हणाली. गावात बाबा अजून लहानेच आहेत.

“बोलत नाही का?”

“बोलते. मनात आलं तर.”

सगळ्या हसल्या. मी पिशवीतून प्लेटा काढून दिल्या. मायनं एक घेतली, उलटी करून काड्या पाहिल्या, बोटानं काठ दाबला.

“लय नाजूक केल्या व. मशीनच्या?”

“हौ.”

“यावर कोन जेवन?”

“सगळे. पाहुणे, आपण.”

“अन् उचलन कोन?”

मला हा प्रश्न येईल असं वाटलंच नव्हतं, पण उत्तर तयार होतं. हेच तर मी सगळ्यांना सांगत होते. मी म्हणाले, उचलायचं काही टेन्शनच नाही, खड्ड्यात टाकल्या की काही दिवसांत त्यांची माती होते, खत होतं. मी जरा जास्तच भराभर बोलले. एक बाई झाडू घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात गेली. मोठी आई, म्हणजे ताईची आई, चहा ठेवते म्हणून घराकडे गेली.

ताई म्हणाली, “माय, आजकाल कॅटरिंगवाले राहतात ना. त्यांची पोरं उचलतात.”

“ते पोरं कोनाचे राहतात व?” मायनं विचारलं.

मायनं प्लेट माझ्या हातात परत दिली, अगदी हळू, जणू ती फुटेल. मोठे बाबा दारात उभे होते. ते म्हणाले, “पाहू. बसून बोलू. दुरून आले, आधी जेवा त.”

जेवण ताटातच झालं. जेवून मी माझं ताट हापशीवर धुतलं, आईनं तिचं, मोठ्या बाबांनी त्यांचं. आमच्या गावी हे असंच असतं. मला वाटायचं ही पाण्याची किंवा कामाची सोय आहे.

परतीची बस उशिरा होती. थांब्यावर टपरीच्या सावलीत आम्ही दोघी बसलो होतो. मी म्हणाले, “त्यांना आवडलं नाही.”

“आवडलं,” आई म्हणाली. “मायनं नाजूक म्हनलं. ती कोनाले म्हनत नाही.”

मग रस्त्याकडे पाहतच ती बोलायला लागली. आईचं माहेर हट्टा गावाकडचं. ही तिकडची गोष्ट.

“मी पहिलीत होती. गावात मोठ्या घरी लग्न होतं. माही आजी टोपला घेऊन गेली, मी तिच्या मांगं मांगं. लोकं जेवून उठले का आजी पत्तली उचले. पत्तलीत जे उरलं ते एका गंजात, मोठ्या भांड्यात, अन् पत्तल टोपल्यात. सगळे तिले हाका मारत, इकडे ये व, इकडे राह्यली व. मले वाटे, आजीले किती मान आहे, सगळे तिलेच बोलावून राह्यले.”

“मग?”

“मंग काय. गंज घरी आनला. बुंदी होती त्यात. खाल्ली आमी. चांगली होती बुंदी. खोटं काहून सांगू.”

टपरीवाल्यानं रेडिओचा आवाज वाढवला. आईनं त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तो त्यानं कमी केला.

“माहा बाबा कामाहून आला. तेनं गंज पाहिला. काही बोलला नाही, आजीले तर नाहीच. मायच होती ना त्याची. गंज उचलला अन् उकिरड्यावर उलटा केला, अन् तसाच उभा राह्यला. आमी दीक्षा घेतली होती, घरात फोटो होता, वंदना होत होती. पन हे राह्यलंच होतं. कोनी हाक मारली का आजी जाये. मंग वस्तीची बैठक झाली. कोनाची पत्तल उचलाची नाही. अन् आपल्या घरी लग्न राह्यलं तर पत्तल आनाचीच नाही. ताटात जेवाचं अन् ज्याचं त्यानं धुवाचं. नवरदेवाचा बाप असो नाहीतर साहेब असो. तिकडे बी तसंच झालं, इकडे बी. गावागावात झालं.”

मी आईच्या तोंडून ‘पत्तल’ हा शब्द पहिल्यांदा ऐकत होते. तिनं तो इतक्या वेळा म्हटला, की इतकी वर्षं तो कुठे होता असं मला वाटलं.

“मला आधी का नाही सांगितलं?”

“तू खुश होती. नागपूरहून आली तवा कशी होती, तुले मायीत नाही. मशीनजवळ तू गाने म्हनत होती.”

मी गाणं म्हणते हे मला माहीत नव्हतं.

“तुह्या पत्तलीशी माहं काही वैर नाही,” आई म्हणाली. “मातीत जाते म्हनते, जाऊ दे. चांगलंच आहे. पन पत्तल आपल्या पायानं मातीत जात नाही ना, बाई.”

बस आली. मी खिडकीजवळ बसले. मला राग आला होता, पण कोणाचा ते कळत नव्हतं. नाल्यातल्या त्या चांदीच्या प्लेटासुद्धा कोणीतरी उचलूनच तिथे टाकतं, आणि ते कोण टाकतं, हे आमच्या वॉर्डात सगळ्यांना माहीत आहे. माझ्या सगळ्या वाचनात वस्तू कुठून येते आणि शेवटी कुठे जाते हे होतं. पंगतीपासून खड्ड्यापर्यंतच्या त्या पन्नासेक पावलांबद्दल एक ओळही नव्हती. ती पावलं चालणारं माणूसच त्यात नव्हतं.

घरी येऊन मी ताईला ऑर्डर राहू दे म्हणून सांगायचं ठरवलं. सांगायच्या आधीच मोठे बाबा आले. ते वारासिवनीला किराण्याला आले होते, तिथून तसेच बसनं आमच्याकडे. पाणी प्यायले आणि सरळ मुद्द्यावर आले.

“पाहा. गोंदियावाले लय येऊन राह्यले. ताटं पुरत नाहीत. तुही पत्तल नाही म्हनली तर कॅटरिंगवाला प्लास्टिक आनन, अन् सोबत उचलनारे पोरं आनन. म्हंजे आपन काय केलं? आपन नाही उचललं, दुसऱ्याच्या पोराले लावलं.”

“मग?” आईनं विचारलं.

“ताटाचा नेम आहे, तोच पत्तलीले. ज्याची त्यानं उचलाची. मांडवामागं खड्डा खनून ठेवतो. माइकवर सांगतो.”

“पाव्हने उचलतीन?”

“नाही उचलतीन त पडून राहीन,” मोठे बाबा म्हणाले. “आपल्याकडचं कोनी हात नाही लावन.”

ताईला हे पटलं नव्हतं. फोनवर ती मला म्हणाली, “सासरच्यांना पहिल्याच दिवशी कामाला लावता का रे तुम्ही लोक?” पण तिनं प्लेटा नको असं म्हटलं नाही. आई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मशीन चालू होतं म्हणून तिला मोठ्यानं बोलावं लागलं.

“पडून राह्यल्या तरी तू हात नाही लावाचा. कबूल?”

मी मान हलवली.

“तोंडानं सांग.”

“कबूल.”

लग्न दुपारचं होतं. वंदना झाली, मंगल परिणय झाला, पांढऱ्या साडीत ताई फार शांत दिसत होती, एरवी ती तशी नाही. मोठ्या बाबांनी माइक घेतला आणि सांगितलं की जेवल्यावर ज्यानं त्यानं आपली पत्तल उचलून मांडवामागच्या खड्ड्यात टाकावी, ही आमच्या वस्तीची रीत आहे. माइकमध्ये घरघर होती आणि लोक जेवणाकडे निघाले होते. किती जणांनी ऐकलं कोण जाणे.

पहिली पंगत पाहुण्यांची. लांब सतरंज्या अंथरल्या होत्या. माझ्या पत्तली समोरासमोरच्या दोन ओळींत मांडलेल्या होत्या. वरण गळलं नाही. भाजीचा रस्सा काठाशी थांबला. कोणीतरी म्हणालं, “काय मस्त पत्तल आहे रे, भाताला वास येऊन राह्यला पानाचा.” मी खांबाला धरून उभी होते. मला फार बरं वाटत होतं.

मग पंगत उठली. काही जणांनी पत्तली उचलल्या, बहुतेक आमच्याच नात्यातल्यांनी. बाकीचे उठले, हात धुवायला गेले आणि तिकडेच सुपारी खात, बोलत उभे राहिले. पत्तली दोन्ही ओळींत जागच्या जागी पडून राहिल्या, उष्ट्या, भाताच्या शितांसकट. दुसरी पंगत बसायला आली होती. ती बाजूला उभी राहिली. वाढणारे बादल्या घेऊन उभे राहिले. मायसुद्धा आली होती. काठी टेकून ती त्या ओळींकडे पाहत होती.

मोठे बाबा मुलीचे वडील. वरपक्षाला उठा म्हणणं त्यांना शक्यच नव्हतं. ते हातातल्या उपरण्याची घडी करत, सोडत होते. त्या पत्तली माझ्या होत्या. प्रत्येक मी हातानं काढली होती. मी वाकले. वाकले तेव्हा वचन वगैरे काही आठवलं नाही, नुसतं वाटलं की हे संपवावं. आईनं माझं मनगट धरलं. ती मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होती, केव्हा आली कळलं नाही.

“तू नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. “दुनियेनं उचलावी, तू नाही.”

मी सरळ उभी राहिले. आता एकच करण्यासारखं होतं आणि ते मला अजिबात जमत नाही. मी हात धुवायच्या ड्रमांकडे चालत गेले. नवरदेवाचे मामा तिथे चार जणांत उभे होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. सकाळपासून तेच सगळ्यांना हसवत होते.

“मामाजी, तुमची पत्तल राहिली.”

“कुठं राह्यली?” त्यांनी खिसा चाचपला, जणू पाकीटच राहिलं आहे.

“पंगतीत.”

“अरे, उचलनारे असतीन ना बेटा.”

मी वाटेत एक पूर्ण वाक्य तयार केलं होतं. ते आलं नाही. “नाही,” मी म्हणाले. “कोणीच नाही.”

त्यांनी माझ्या खांद्यावरून पंगतीकडे पाहिलं. उभी असलेली माणसं पाहिली, बादल्या पाहिल्या, मोठ्या बाबांकडे पाहिलं. त्यांचं चघळणं थांबलं.

“हौ,” ते म्हणाले. “हौ व. आमच्या वस्तीत बी होतं हे. आता लॉनमध्ये लग्न होतात, विसरूनच गेलतो.” मग एकदम त्यांचा तो मोठा आवाज निघाला. “ए गोंदियावाले! आपला आपला सामान उचला, चला! मानपान घरी करू!”

“मामा, हातात मेंदी आहे माह्या,” एक बाई म्हणाली.

“खायाच्या वक्ती नव्हती का? त्याच हातानं उचल.”

“बाराती आहो का सफाईवाले?” कोणीतरी तरुण कुरकुरला.

“सफाईवाला कोन असते रे?” मामा वळून म्हणाले. या वेळी ते हसवत नव्हते. तो तरुण गेला आणि पत्तल उचलून आला.

सगळे आले असं मी सांगणार नाही. एकजण आलाच नाही. त्याची पत्तल मधोमध राहिली. कोणाची ते कोणी विचारलं नाही, आणि तिला कोणी हातही लावला नाही. दुसरी पंगत तिच्या दोन्ही बाजूंना बसली आणि तिला मध्ये ठेवून जेवली. पुढे ऊन उतरल्यावर एक शेळी मांडवात शिरली आणि तिनं ती पत्तल भातासकट खाऊन टाकली. मामा म्हणाले, “घ्या, इको-फ्रेंडली.” हा शब्द त्यांना ताईनं शिकवला असावा.

आई शेवटच्या पंगतीत बसली. विहारातलं ताट घेऊन. मी तिच्या शेजारी, पत्तलीवर. तिनं मला तिच्या ताटातला एक वडा दिला. जेवून ती हापशीकडे गेली, मी खड्ड्याकडे.

त्या उन्हाळ्यात आमच्या समाजातली आणखी काही लग्नं मिळाली. सगळी नाहीत. प्रत्येकाला मी आधी अट सांगते, उचलायला माणसं लावायची नाहीत, खड्डा खणायचा आणि ज्यानं त्यानं उचलायची. शहरातला एक कॅटरिंगवाला म्हणाला, “मॅडम, आप पत्तल बेच रही हो कि संस्कार?” तो परत आला नाही. दुसऱ्या एकानं हो म्हटलं, आणि मी पत्तली पोचवायला गेले तेव्हा दोन बाया पोती घेऊन आधीच येऊन बसलेल्या होत्या. त्यांना काय बोलणार होते? त्यांची रोजी होती ती. मी पत्तली उतरवल्या आणि आले. हे आईला सांगितलं तेव्हा ती पीठ मळत होती. “नुसतं तोंडानं सांगून नाही होत,” म्हणाली. नागपूरच्या बाईंचा एकदा फोन आला होता. मी उचलला आणि येत नाही म्हणून सांगितलं. बोलणं फार थोडं झालं.

मग आम्ही दोघींनी असं ठरवलं की पत्तलीच्या प्रत्येक गठ्ठ्याला वरून एक कागद लावायचा, मोठ्या अक्षरांत, हिंदीत, कारण वाचणारे सगळे हिंदीच वाचतात. मी लॅपटॉपवर ओळ टाइप केली, कोपऱ्यात माहुलच्या पानाचं चित्र काढलं आणि आईला बोलावलं. ती मशीनच्या खोलीत आली, उंबरा ओलांडून, कारण लॅपटॉप आत होता. चष्मा लावून तिनं वाचलं, ओठ हलवत.

‘कृपया अपनी पत्तल स्वयं उठाएँ.’

“‘स्वयं’ काहून? लग्नात कोन बोलते स्वयं? ‘आप’ लिही.”

मी ‘आप’ लिहिलं.

“अन् हे काढ.” तिनं पहिल्या शब्दावर बोट ठेवलं.

“कृपया? आई, ते चांगलं वाटतं. पोलाइट.”

“वाटन ना,” ती म्हणाली. “म्हनूनच काढ.”